गोठ्यातली हिरवी तार

चिखली, गुरुवार, ९ जानेवारी २०२५

ती. चिमाजीकाकांना प्रज्वलचा सा. न. वि. वि.

मी इकडे बरा आहे. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि आईने सांगितलेल्यातलं अर्धं तुम्ही ऐकून उरलेलं स्वतःच ठरवता, म्हणून हे पत्र. गावातच सासर असलेल्या दिपालीताईच्या मोबाइलवरही लिहिलं असतं, पण ती वाचून दाखवताना मधल्या ओळी गाळते.

आईसाठी कडबाकुट्टी मशीन टेम्पोने पाठवलं आहे. त्याची वायर आपल्या नेहमीच्या रंगांची नाही. आपल्याकडे लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग. मशीनच्या वायरीत तपकिरी म्हणजे आपली लाल, निळी म्हणजे आपली काळी, आणि हिरव्यावर पिवळी रेघ असलेली अर्थिंग. तुम्ही थ्री-फेजचं काम केलेलं आहे, तेव्हा निळी दिसली की तिसरा फेज समजाल याची भीती वाटते. इथे निळी म्हणजे न्यूट्रल. कृपा करून दोनदा वाचा.

दुसरी गोष्ट विचारायला धीर होत नव्हता. परवा आमच्या विजेच्या पॅनेलच्या कारखान्यात जुना बोर्ड दुरुस्तीला आला. तपासणीच्या टेबलावर सप्लाय देऊन, अर्थिंगमध्ये वीज नसतेच म्हणून, मी हिरवी तार बिनधास्त धरायला गेलो. आमच्या फोरमन सुजितदादाने मनगट धरून मागे ओढलं. भावा, हिरवी दिसली की लगेच पाया पडू नकोस, आधी टेस्टर लाव, असं म्हणाला. टेस्टर लावला तर पेटला. कुणीतरी तार कमी पडली म्हणून हिरवीतून फेज, म्हणजे चालू वीज, नेला होता. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. सुजितदादा मला भित्रा भागवत म्हणतो, तसाही म्हणतच होता.

तर आपल्या घरात आणि गोठ्यात कुठल्या रंगाला काय जोडलं आहे, ते तुम्हीच लिहून कळवा. आयटीआय मी अर्धवट सोडलं, पण तारा ओढायला तुमच्याकडूनच शिकलो, म्हणून दुसऱ्या कुणाला विचारत नाही.

रागावलात तरी उत्तर टाका. रागासकट माया चालेल.

तुमचा प्रज्वल

*

बोरवंडी, ता. औसा, बुधवार, १५ जानेवारी

चि. प्रज्वल यास चिमाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सुंदर, वेलांट्या जागच्या जागी, मजकूर मात्र काकाची परीक्षा घेणारा. लेका, तू जन्मायच्या आधीपासून मी खांबावर चढतो. निळी-तपकिरीचं सांगितलंस ते बरं केलंस, ते मला ठाऊक नव्हतं. पण गोठ्याचं काय विचारतोस? लाल, काळी, हिरवी, तिन्ही पाइपातून नेल्यात. बल्ब रोज लागतो. आणखी काय पाहिजे?

माझे हात आता थरथरतात म्हणून कोपऱ्यावरच्या निरंजनला सांगितलंय. पंखे-मिक्सर दुरुस्त करतो, पोरगा हुशार आहे. रविवारी तो गोठ्यात तीन पिनांचं सॉकेट बसवील. तू घोर लावून घेऊ नकोस, पोटभर जेवत जा. तुझ्या आईने तिळाच्या वड्या पाठवल्यात, त्यातल्या दोन सुजितला दे. तुझं मनगट धरलं त्याने.

लोभ होता तेवढाच आहे, परीक्षा घेतलीस म्हणून घटलेला नाही.

तुझा काका

*

चिखली, शनिवार, १८ जानेवारी

ती. काकांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं आणि मी लगेच आईला फोन केला. काही आठवतं का, असं विचारलं. तिला आठवलं. दिपालीताईच्या लग्नाच्या वर्षी उंदरांनी गोठ्याकडची लाल तार पाइपातच कुरतडली होती. मांडव उभा होता, पाहुणे आले होते, आणि तुम्ही तासाभरात बल्ब लावून दिलात. आई अजून कौतुकाने सांगते. काका, तासाभरात नवी तार त्या पाइपातून ओढणं होत नाही. तो बल्ब तुम्ही हिरवीवर लावला असणार.

तसं असेल तर निरंजन काय करील ते लिहितो. तो रंग बघून जोडील. लाल फेजच्या पिनेला, काळी न्यूट्रलला, हिरवी वरच्या जाड पिनेला. लाल मेलेली आहे, म्हणून मशीन चालणार नाही. पण जाड पिन मशीनच्या पत्र्याला जोडलेली असते, तिच्यातून फेज त्या पत्र्यावर उतरेल. मशीन का चालत नाही हे बघायला आई शेणाच्या ओल्या हाताने त्याला हात लावील. यापुढे माझ्याने लिहवत नाही.

मी आईला सांगितलं आहे की तुमचं बघून होईपर्यंत कुणालाही वीज चालू करू देऊ नको. माझं चुकत असेल तर गावात माझी खुशाल थट्टा करा, मला आनंदच होईल. पण एकदा टेस्टर लावा. पायात चप्पल, दुसरा हात मागे, आणि नुसती लाल नाही, तिन्ही तारा बघा. जोडायला हात घालण्याआधी मेन पाडा.

लहान तोंडी मोठा घास घेतला, तेवढा पोटात घाला.

तुमचा प्रज्वल

*

बोरवंडी, गुरुवार, २३ जानेवारी

चि. प्रज्वल यास आशीर्वाद.

तुझी आई सुखरूप आहे, ते आधी लिहितो. तुझा फोन आल्यावर तिने मेन पाडून फ्यूज काढला आणि पदरात बांधला. रविवारी निरंजनने सॉकेट बसवलं, मशीनचा प्लग घातला आणि फ्यूज मागितला. तुझी आई देईना. तिचं अर्धंच ऐकून मी ओरडलो, निरंजन हसला, शेजारच्या सुभद्राबाई येऊन समजावून गेल्या. तीन दिवस घरात कंदील होता, पण पदराची गाठ काही तिने सोडली नाही. काल तुझं पत्र आलं, तेव्हा फ्यूज माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, भाऊजी, आता तुम्ही बघा.

सगळ्यांना लांब उभं केलं, प्लग उपसला, फ्यूज घातला आणि मेन चालू केला. लालच्या भोकात टेस्टर मुका. वरच्या भोकात घातला, तर लखकन पेटला. निरंजनने धावत जाऊन मेन पाडला.

मला आठवलंच नव्हतं रे. खोटं बोललो नाही. नवीन लाल ओढली, हिरवी सोडवली, अंगणात खड्डा करून कोळसा-मीठ घालून खरं अर्थिंग दिलं. मशीन चालू आहे, म्हैस खूश आहे.

पण रात्री झोप लागेना. तार कमी पडली की हिरवीतून न्यायची, ही माझी सवयच होती. तेव्हा घराघरांत नुसते बल्ब होते, हिरवीला काही कामच नसायचं. आता तिथेच कपड्यांची मशीनं आणि पाण्याचे गीझर आलेत. आठवून आठवून अकरा घरं लिहून काढली. निरंजनला घेऊन चार घरी जाऊन आलो. दोन घरी टेस्टर पेटला. शालनबाईंच्या न्हाणीघरात तर गीझर बसवायला माणूस उद्याच येणार होता.

लोक म्हणतात, म्हातारा फिरला, स्वतःचंच काम उकरतोय. म्हणू देत. पण अकराच घरं होती का, हे मला सांगता येत नाही. म्हणून ज्या घरी म्हणून मी शिडी लावली, त्या प्रत्येक घरी जायचं ठरवलंय. तशी गावातली निम्मी घरं होतील. निरंजनला एकट्याला होणार नाही आणि माझे हात तुला माहीत आहेत.

सुजितला सांगून आठ दिवसांची रजा टाक आणि इकडे ये. तोवर इथल्या सगळ्यांचा जीव आणि माझा लोभ तुझ्या वाटेकडे आहे.

तुझा काका
चिमाजी