मोडक्या मुठीची इस्त्री

प्रिय धाकट्या,

समोर बसून बोलले असते, तर तू हसून वेळ मारून नेली असतीस आणि मीही विरघळले असते. म्हणून लिहितेय. हाताचे फोड सुकलेत, अक्षर मात्र अजून वाकडं येतंय, चालवून घे.

सगळ्या लाँड्रीने तुला डोक्यावर घेतलंय. वाफेची नळी फुटली आणि तू आत घुसून आम्हा इस्त्रीवाल्या बायकांना एकेक करून बाहेर ओढलंस. मला तर खांद्यावर टाकून आणलंस. अंधारात न्हाणीघरात जायला माझा हात धरणारा तू! मालक तोंडभरून कौतुक करतात. शेजारीण विचारते, भावाला खाऊ तरी काय घालतेस? मी हसते. पण मनात पाल चुकचुकते, ती चुकचुकतेच.

बाहेर पळा म्हणून तू ओरडलास, तेव्हा नळी फुटलीच नव्हती. तुला आधी कसं कळलं? लोक म्हणतात, बॉयलरवर काम करणाऱ्याचा कान तयार असतो. असेल बाई. पण आम्ही सगळ्या बाहेर आल्यावर तू पुन्हा आत का गेलास? आत कुणी राहिलं नाही, हे मी तुला ओरडून सांगितलं होतं. परत आलास तो शर्टाखाली काहीतरी धरून, आणि थेट कपडे भिजवायच्या हौदाकडे गेलास. मला वाटलं, भाजलेले हात बुडवतोयस.

काल हौद उपसला. तळाशी माझी जुनी इस्त्री निघाली. मोडक्या मुठीला माझ्याच निळ्या ओढणीची चिंधी. दार वाऱ्याने आपटतं, अडसर म्हणून दे, असं सांगून नेली होतीस ना? मग तिला तारेचा आकडा कशाला रे? दाराला नाही, तू ती बॉयलरच्या झडपेच्या दांड्यावर टांगत होतास. वाफ वाढली की झडप उघडून शिट्टी व्हायची, जोर उतरायचा, आमच्या इस्त्र्या थंड पडायच्या आणि मुकादम तुझ्यावर खेकसायचा. वजन टांगलं की शिट्टी बंद, आणि वाफ आतच कोंडायची, नळी फुटेपर्यंत. आणि आम्ही वेड्या खूश, की हल्ली काम कसं सुरळीत चाललंय!

आता ठपका आलाय बॉयलरकाकांवर, ज्यांनी तुला हे काम हाताला धरून शिकवलं. झडपेची निगा राखली नाही म्हणे. म्हातारा भेटेल त्याला सांगत सुटलाय, मी ती रोज तपासायचो हो. कुणी थांबून ऐकतही नाही. आणि तू मूग गिळून बसलायस. फार राग आलाय मला तुझा.

तुझं शौर्य खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मला उचललंस तेव्हा वाफेने तुझे हात भाजत होते, तरी सोडलं नाहीस. पण तेव्हा विचार करायला वेळच नव्हता. आता आहे, आणि आता तू घाबरलायस.

इस्त्री माझ्या खाटेखाली आहे. उद्या तुझा सत्कार, परवा चौकशी. सत्काराआधी ये, ती उचल आणि चौकशीच्या साहेबांपुढे स्वतःच्या हाताने ठेव. मी बरोबर येईन, लहानपणीसारखी हात धरून. नाही आलास, तर मी एकटी जाईन. तू मला बाहेर काढलंस, म्हणून तर जाऊ शकतेय.

तुझीच,
ताई