नेटस्केप गेल्यापासून

भिवंडी,
सप्टेंबर २००८

प्रिय मनू,

तुझ्या बारावीच्या सुट्टीतली ती दुपार आठवते का? कारखान्याच्या ऑफिसात आपण दोघी एकाच स्टुलावर अर्ध्या अर्ध्या बसलो होतो. माझ्या मांडीवर उकडलेल्या शेंगांचं पातेलं होतं आणि मोडेम नेहमीसारखा किंचाळत होता. तू मासिकाबरोबर आलेली सीडी घालून नेटस्केप बसवत होतीस. मी कोपऱ्यातल्या त्या N वरून पडणारे तारे बघत बसले होते. पहिलं पान उघडेपर्यंत शेंगा संपल्या. ते पान कसलं होतं, मला आठवत नाही. तारे मात्र आठवतात आणि तू ओरडलीस तेही, "आई, टरफलं कीबोर्डात पडतायत!"

तर तो नेटस्केप गेला, मनू. मार्चमध्येच त्याच्या कंपनीने हात वर केले होते. मी तरी तोच वापरत राहिले. मग बँकेचं पान उघडेना, सुताच्या भावाचं पान वेडंवाकडं दिसू लागलं, आणि एका सकाळी मितेशने मला न विचारता तो काढून टाकला. मी कुरकुरले तर तुझा भाऊ हसतो कसा! "आई, मेलेल्या माणसाला चहा विचारत बसतेस तू." भावनाही पदर तोंडाला लावून हसली. सुनेने हसायला हरकत नाही, पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच्या जागी जो आलाय त्याचं नाव मी कागदावर लिहिणार नाही. मला त्याची शिसारी आहे. डावीकडची बटणं उजवीकडे, वरची खाली. मी अर्धवट डोळ्यांनीसुद्धा जिथे बोट ठेवायचे, तिथे आता जाहिरात असते. एक पान मागितलं की त्याच्या शेजारी दुसरं उघडून ठेवतो. बिऱ्हाड करून राहिलेला एखादा आगाऊ पाहुणा असावा ना, फडताळ उघडून बघणारा, तसा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मी एक अक्षर टाकलं की उरलेलं तोच लिहितो. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला सांगायच्या, समोरच्याचं वाक्य आपण पुरं करू नये, तो अडखळला तरी थांबावं. आणि हा! मी काय म्हणणार आहे ते मलाच सांगतो. वर खाली यादी काढून दाखवतो की बाई, तुम्ही परवा इथे गेला होतात, त्याच्या आधी तिथे. चार लोक येतात जातात अशा ऑफिसात ही यादी! किळस येते गं.

तू म्हणशील, एवढं काय त्यात. पण तुला ठाऊक आहे माझं काय होतं त्या पडद्यामागे. काल्हेरच्या गोदामवाल्यांकडचं ठरलेलं लग्न मोडून तू गेलीस, तेव्हा तुझे बाबा ओटीवर उभं राहून म्हणाले होते, "आजपासून या घरान तिचं नाव काढायचं न्हाय." कुणी काढलं नाही. फोन बैठकीत, तिथे दहा कान. तुझी पत्रं आली असती तर पोस्टमनने आधी त्यांच्याच हातात दिली असती. राहिला तो शुक्रवार. लूम बंद, कामगार नाहीत, जेवून हे आडवे झालेले. मी ऑफिसचं कुलूप काढायचे, N वरचे तारे पडायचे आणि तू यायचीस. कोईमतूरच्या तुझ्या घरातली ती पिवळी बादली, तुझ्या सासूबाईंचं रसम, तुझं बाळंतपण, सगळं मी त्या स्टुलावर बसून भोगलं. भिवंडीत इतकी शांतता आठवड्यातून तेवढ्याच वेळी असते. तुझ्याशी बोलायला मला उभ्या जगात तेवढीच एक जागा होती आणि ती मितेशने सकाळच्या चहाआधी पुसून टाकली.

नवा आला त्याच पहिल्या शुक्रवारी मी माझ्या टपालाच्या पानावर गेले. नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला. तेवढ्यात वर एक पट्टी आली, पासवर्ड लक्षात ठेवू का म्हणून. नेटस्केपमध्ये तू हे असलं सगळं बंद करून दिलं होतंस, मला कुणी कधी असं विचारलंच नव्हतं. आता कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या बाईला कुणी अदबीने काही विचारलं तर ती काय म्हणणार? आम्हाला सहा वर्षांच्या असल्यापासून एकच शिकवलेलं, येस प्लीज. मी हो म्हटलं. मनात बरंही वाटलं, चला, एवढा तरी शहाणा आहे मेला.

त्यानंतर तुझ्या मेलचं काहीतरी बिनसलं. न वाचलेली पत्रं ठळक अक्षरांत दिसतात ना, ती दिसेनात. तुझं नवं पत्र असायचं, पण जुन्यासारखं फिकट. मला वाटलं, हाही याचाच आचरटपणा. मितेशकडे तक्रार केली, तुझं नाव न घेता, गणेशपुरीच्या माझ्या ताईच्या पत्रांचं सांगून. तो म्हणाला, "ब्राउझर काय करणार त्यात? कुणीतरी आधी उघडलं असेल." मला एकदम अंगावर पाल पडल्यासारखं झालं. कुणीतरी म्हणजे कोण? भावनाकडे मी दोन दिवस नीट बघितलं नाही. बिचारीने माझ्यासाठी जवळ्याचं सुकं केलं तरी मी ताटात चिवडत बसले. मितेशचा संशय आला. आपल्या लेकराने आपलं टपाल फोडावं, या विचाराने मला स्वतःचीच घाण वाटू लागली. आणि त्या ब्राउझरची तर विचारूच नकोस. समोर असता तर मी त्याला ओल्या फडक्याने झोडपला असता.

मग गेल्या बुधवारची गोष्ट. रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघंच होतो. तुझे बाबा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "बारक्या पोराच्या पोटान मुरडा आला तं मुरुडशेंग उगाळून देतात ना गो?" मी म्हटलं, कुणाच्या पोराच्या? "लूमवरल्या एका कामगाराच्या." कामगारांच्या पोराबाळांची चौकशी ताटावर करणारा माणूस नव्हे हा. मी सांगितलं, देतात, आईच्या दुधात उगाळून, थेंबभर. तर म्हणाले, "थेंबभर कशाला, चमचाभर दे." मी म्हटलं, तुम्ही वैद्य केव्हापासून झालात? दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना काष्ठौषधीवाल्याकडची पुडी आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिली. कामगाराला द्यायची तर ती माझ्या खिडकीत कशाला?

शुक्रवारी मी ऑफिसात गेले. तुझं पत्र होतं, फिकट अक्षरांतलं. छोट्या गोदाच्या पोटात मुरडा येतो, ती रात्रभर रडते, तुला काही सुचत नाही. मी ते पहिल्यांदा वाचत होते, आणि पुडी घरात आदल्या दिवशीच आली होती.

पडद्यावर लूमच्या तेलाचे डाग होते. एका ओळीखाली एक, आडवे, डावीकडून उजवीकडे. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मनू. तुझं ते इंग्रजी अक्षरांतलं मराठी त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचलं असणार. सुताचे भाव बघायला बसले असतील, एखादं अक्षर टाकलं असेल आणि त्या भोचकाने माझं पान पुढे केलं असेल, दार सताड उघडं. त्यांच्या आईचं नाव तू लेकीला ठेवलंस, हे त्यांना तिथेच कळलं असणार. आणि आषाढात तू जे लिहिलं होतंस, बाबांना माणसापेक्षा लग्नाच्या हॉलचं बुकिंग मोठं वाटलं, तेही त्यांनी वाचलंय. त्या आठवड्यात त्यांनी कालवणात मीठ नाही म्हणून ताट सरकवलं होतं. मीठ व्यवस्थित होतं. तरीसुद्धा पुढच्या आठवड्याचं तुझं पत्र आधी त्यांनीच उघडलं. मी ते डाग पुसले नाहीत.

म्हणून हे कागदावर. तू त्यांच्याविषयी रागाने आणखी काही लिहायच्या आत आणि मी चुकून काही बोलून बसायच्या आत हे तुझ्यापर्यंत पोचायला हवं. मला कळलंय हे त्यांना कळलं, एवढं जरी झालं तरी ते पुन्हा त्या खुर्चीत बसायचे नाहीत, तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. तेव्हा ऐक. पाकिटातली मुरुडशेंग गोदाची, थेंबभरच दे. मेल पूर्वीसारखी पाठवत जा, प्रिय आई म्हणूनच, पण ती त्यांची आहे असं समज. त्यात गोदाचे दात, तिचं रांगणं, ती कुणावर गेली ते लिही. वाक्यं छोटी ठेव. जावईबापूंच्या नोकरीचंही थोडं असू दे, विचारायला त्यांना कुणी नाही. मितेशला भाऊबीजेचं कार्ड त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर, भावनाला तिच्या नावाने वेगळं कार्ड, तिला मी विनाकारण छळलंय. तुझं रडणं, भांडण, माझ्यावरचा राग, ते सगळं मला, पोस्टाने, गणेशपुरीला ताईच्या पत्त्यावर. आणि मेलमधून फोटो पाठव, एका वेळी दोनच, आमची लाइन अजून तशीच आहे. पहिल्यात गोदा एकटी. दुसऱ्यात तिला तू घेतलेलं असावं आणि तुझा चेहरा नीट दिसावा. तो फोटो मागायचं त्यांना या जन्मात जमणार नाही, म्हणून न मागता पाठव.

तुझीच, शुक्रवारची,
आई