पाचातलं एक बटण

सोमवार
नोकरी लागली! पंचेचाळिशी उलटल्यावर लागली, त्यामुळे माझ्यापेक्षा ताईच जास्त खूश. कंपनी रंगांची, मोठी. राहायला ताईकडेच, नाल्याकाठी. भाचीनं आपली खोली दिली आणि बजावलं, मामा, घोरायचं नाही.
काम लाज वाटावी इतकं हलकं. एका खोलीत पाच खुर्च्या, पाच बटणं. घंटा झाली की पाचही जणांनी एकदम दाबायचं. टाकीतलं वापरलेलं पाणी नाल्यात सुटतं. तार एकाच बटणाला जोडलेली. कोणत्या, ते कोणालाच ठाऊक नाही. साहेब म्हणाले, कंपनी माणसाच्या मनाचा विचार करते. एवढा तर माझ्या बायकोनंही केला नव्हता.

बुधवार
शेजारच्या खुर्चीवरचे काका निवृत्तीला टेकलेत. घंटा झाली की बटणाला बोट लावतात आणि परत शब्दकोड्यात शिरतात. माझी खुर्ची बरेच महिने रिकामी होती म्हणे. आधीच्याला बोटाचा काहीतरी त्रास झाला.
नाला जांभळा झालाय. दिसायला तरी बरा दिसतो.

शनिवार
भाचीच्या हातांवर जांभळे चट्टे. डॉक्टर म्हणाले, विहिरीचं पाणी बंद करा. विहीर नाल्याला लागूनच. ताईनं विचारलं, तुमच्याच कंपनीचं तर नव्हे? मी म्हणालो, कंपनीत खूप माणसं असतात गं.
खोटं काही बोललो नाही. जेवण मात्र गेलं नाही.

मंगळवार
आज बोट नुसतं ठेवलं. दाबलं नाही.
टाकी सुटली नाही.
चौघंही माझ्याकडे बघत राहिले. मग काका हळूच म्हणाले, "आम्ही कोणीच दाबत नाही रे. कित्येक वर्षं झाली. मन धजत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळी सज्जन माणसं. माझी खुर्ची रिकामी होती तेवढे महिने नाला स्वच्छ होता, हेही त्यांनीच सांगितलं. आणि तरी कोणी मला —
घंटा परत झाली. बोट खाली गेलं. मी नेलं नव्हतं.

गुरुवार
राजीनामा दिला. साहेबांनी हसत घेतला. निघताना काकांना आधीच्या माणसाचं विचारलं. त्यानं बोट कापून घेतलं होतं. मग त्याच हाताचं शेजारचं बोट दाबायला लागलं. मग त्याच्या —
पुढचं मी ऐकलं नाही.

शुक्रवार
घंटा घरी ऐकू येते. फक्त मला. बोट जेवणाच्या टेबलावर दाबतं — खिडकीतून नाला बघितला — पुन्हा ताजा जांभळा.

रविवार
उजवा हात पलंगाला बांधलाय. डाव्यानं लिहितोय, अक्षर माफ. भाचीचे चट्टे गळ्यापर्यंत — विचारत होती, मामा, तू का रडतोस. ताई म्हणते, अरे, नोकरी सोडलीस ना, मग आता तुझा काय दोष.
घंटा —
उजवा हात बांधलेला आहे. हलत नाही. सुटलो —
नाही. पेन धरलेलं बोट. डावं. कागदावर खाली, खाली दा