कुसुमचं बीपी आणि फेब्रुवारीतलं ग्रहण

१२ जुलै १९८०
अल्लीपूर. कुसुमचं बीपी आज १६०/१००. सातवा महिना, पहिलंच बाळंतपण. पाय असे सुजलेत की चप्पल चढत नाही. म्हटलं, आजच वर्ध्याला न्या. सासू म्हणते, "पाहुण्यायले सांगून झालं, नर्सबाई. गुरुवारी डोहाळजेवण हाय. मंग नेऊ." ओरडले. उपयोग शून्य.

१८ जुलै
काल हिरवी साडी, फुलांचे दागिने, वर लोणचं-पापड. आज कुसुमचं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी. शेवटी जीपमध्ये घातली, मी सोबत. नवरा गजानन पुढे बसला.

३ ऑगस्ट
वर्ध्याला जाऊन आले. मुलगा. पावणेदोन किलो. दोघं सुखरूप, सुटले बाई! पण बाळाचं लघवीचं छिद्र टोकाला नाही, खालच्या बाजूला आहे. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षांचा झाला की ऑपरेशन करू.
गेल्या वर्षी शिंप्याच्या सुनेचंही हेच. बीपी, सूज, लहानखुरं पोर, तोच दोष. डॉक्टरांना विचारलं. "दोन केसवरून काय ठरणार, सिस्टर? वारेला रक्त कमी पडत असेल कदाचित." झोपेतही तेच डोक्यात.

२० ऑगस्ट
बाळाला करदोडा बांधायला बायका जमल्या. दुपटं काढलं, सगळ्यांनी पाहिलं. कुजबुज. सासू म्हणाली, "फेब्रुवारीच्या ग्रहणात हिनं कोहळं चिरलं. मी पाह्यलं." मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, ग्रहणानं काही होत नाही, बीपीमुळे झालं असेल. (असेल! ठाऊक असल्यासारखी बोलले.)
म्हातारी म्हणाली, "म्हंजे दोष हिच्या अंगातच हाय. ग्रहणाची तं शांती करता येते. अंगाचं काय करू?"


२७ ऑगस्ट
कुसुमला कायमची माहेरी धाडणार. गजाननसाठी दुसरी पाहून राहिलेत. ऑपरेशनचं कोणी ऐकूनही घेत नाही.
विहिरीपाशी कुसुम भेटली. "बाई, तुमी काऊन बोलल्या? मी कोहळं चिरलंच नव्हतं. तरी हो म्हटलं होतं. शांती झाली असती, मिटलं असतं."
स्वतःचा भयंकर राग आला. कोणी विचारलं होतं मला?

३० ऑगस्ट
आज त्यांच्या घरी गेले. म्हातारीला म्हटलं, "चुकलंच माझं. ग्रहणच असेल." 
"मंग ते बीपी?"
"उतरलं आता." हे तरी खरं.
 म्हातारी म्हणाली, "लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी. सोमवारी दुसरीची बोलणी कराले सोयरे येऊन राह्यले, हे दाखवलं तं त्यायले नाही म्हणता येईन."
कोरा कागद घेऊन बसलेय. ग्रहण लिहिलं, तर पुढच्या खेपेला कुसुमचं बीपी पाहायला मला त्या घरात कोण घेईल? नाही लिहिलं, तर त्या घरात पुढची खेप तिची नसेल.
दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. उद्या रविवार.