डायनामो काढल्यापासून अप्पा उठत नाहीत

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याची चौकशी पहिल्याच ओळीत करतो, कारण मागच्या पत्रात ती शेवटून दुसऱ्या ओळीत केली म्हणून तू तीन महिने उत्तर दिलं नाहीस, असं भाऊजींकडून कळलं. तर गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना? (उतरताना दुखत असेल तर ते वाईट, असं आमच्या वायरमनचं मत आहे. त्याला गुडघ्यातलं काही कळत नाही, पण सध्या त्याच्या मतांशिवाय आमच्या घरातलं पान हलत नाही, म्हणून कळवलं.) आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण अप्पा ठीक नाहीत. घाबरू नकोस. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टर घरी येऊन रक्तदाब बघून गेले आणि माझ्यापेक्षा त्यांचा बरा आहे म्हणाले (आणि जाता जाता मलाच गोळ्या लिहून दिल्या). पण गेले सोळा दिवस अप्पा सकाळी उठत नाहीत. म्हणजे जागे असतात, भिंतीकडे तोंड करून पडून असतात, आणि नऊ वाजता चहा नेला की नुसतं "ठेव" म्हणतात. जो माणूस जन्मभर कोंबड्याच्या आधी उठून कोंबड्याला आळशी म्हणत आला, त्याचा चहा आता गार होऊन परत येतो. याला कारण मी आहे, असं हिचं म्हणणं आहे. माझंही तेच म्हणणं आहे, पण ते मी हिला अजून सांगितलेलं नाही.

आपल्या ट्रॅक्टरचा डायनामो तुला आठवत असेल. इंजिनाच्या बाजूला असलेलं ते लांबट नळकांडं, ज्याच्यावर तू लग्नाआधी एकदा ओले मोजे वाळत घातले होतेस. बॅटरी भरत राहणं हे त्याचं एकमेव काम, आणि ते त्यानं सोडून कित्येक वर्षं झाली. तीनदा त्याची तार नव्याने गुंडाळून आणली, बुश बदलले, कार्बन बदलले. पण म्हाताऱ्या माणसाला कितीही नवे कपडे घातले तरी तो जिना चढेल असं नाही. बॅटरी कायम अर्धपोटी, आणि बटण दाबलं की ट्रॅक्टर नुसता कण्हायचा. म्हणून अप्पांनी उताराची पद्धत बसवली, ती तू सासरी गेल्यानंतरची, त्यामुळे नीट सांगतो. संध्याकाळी काम आटोपलं की ट्रॅक्टर शेडसमोरच्या चढावर, तोंड फाटकाकडे करून लावायचा आणि चाकाखाली लाकडी ठोकळा द्यायचा. सकाळी अप्पा सीटवर बसणार, ही ठोकळा काढणार, मी मागून ढकलणार. ट्रॅक्टर उतरायला लागला की बरोबर हौदाच्या कोपऱ्याशी अप्पा क्लच सोडणार आणि इंजिन धडधडायला लागणार. एक हात अलीकडे सोडला तर गचका खाऊन थांबतं, एक हात पलीकडे सोडला तर उतार संपतो. ती जागा फक्त अप्पांना ठाऊक आहे. (मी एकदा त्यांच्या गैरहजेरीत करून पाहिलं. नवीन फाटक त्यानंतरचं आहे.) डोळे अधू झाल्यापासून ते शेतात ट्रॅक्टर नेत नाहीत, पण सकाळची ती पंचवीस पावलं त्यांची. इंजिन लागलं की खाली उतरून, मला सीट मोकळी करून देऊन, हात पुसत घरात जायचे आणि दिवसभर मला सूचना करायचे.

आता माझ्या मनात आलं काय, तर एकोणऐंशीव्या वर्षी त्यांना रोज त्या लोखंडावर चढायला लावणं बरं नाही. डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा, बॅटरी भरलेली राहील, बटण दाबलं की ट्रॅक्टर सुरू, आणि अप्पांना सुख. हेतू चांगला होता हे कुठेतरी लिहून ठेव, पुढे उपयोगी पडेल. वायरमनला बोलावलं. त्याला सगळे प्रोफेसर म्हणतात, कारण तो पाना हातात घेण्याआधी पाऊण तास समजावून सांगतो. प्रोफेसरांनी डायनामो सोडवला आणि माझ्या हातात दिला. जुन्या डायनामोचं वजन काय असतं हे मला माझ्या पायाच्या अंगठ्याने सांगितलं. अल्टरनेटर मात्र आखूड आणि गरगरीत निघाला. लांब माणसाच्या खाटेवर बुटका झोपवावा तसा तो जुन्या ब्रॅकेटमध्ये पडून राहिला, दोन्हीकडे जागा शिल्लक. मग पाइपाचे तुकडे कापून मध्ये घातले. मग पट्टा सरळ रेषेत येईना, आला तर ओरडायला लागला, आणि ओरडायचा थांबला तेव्हा कळलं की तो निसटून हौदात पडलेला आहे. या सगळ्याला पाच दिवस लागले. अप्पा शेडच्या दारात खुर्ची टाकून बघत बसायचे. मला वाटलं, कौतुकाने बघतायत.

आता मुख्य नामुष्की. आपला ट्रॅक्टर जुन्या चालीचा, त्याच्या बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं. अल्टरनेटरला हे चालत नाही, त्याला बॉडीला उणे लागतं. प्रोफेसरांनी हे मला तीन वेळा सांगितलं, बॅटरी फिरवून जोडली, आणि ट्रॅक्टर बटणावर असा सुरू झाला की ही स्वयंपाकघरातून हात न धुता बाहेर आली. इथपर्यंत ठीक. दुसऱ्या दिवशी बॅटरीत पाणी घालायला म्हणून मी ती काढली आणि परत बसवली. ताई, आपण दोघं एकाच शाळेत शिकलो. अप्पांनी बॉडीकडे जाणाऱ्या पट्टीला लाल रंग दिला होता आणि तुला-मला पाढ्यांच्याही आधी पाठ करून घेतलं होतं : लाल पट्टी अधिकला, चुकेल त्याला जेवण नाही. पाढे मी विसरलो, हे विसरलो नाही. माझ्या हातांनी मला न विचारता लाल पट्टी अधिकला लावली. अल्टरनेटरमधून एक बारीकसा आवाज आला, मग धूर आला, आणि मग प्रोफेसर आले. जगात दुसऱ्या कुणाकडूनही ही चूक झाली नसती, असं ते म्हणाले. अडाणी माणसाने निदान विचारलं असतं. त्यांनी आतली जळलेली प्लेट बदलली, आणि पुन्हा घोटाळा नको म्हणून लाल पट्टीवर काळा रंग फासला. अप्पा त्या वेळी दारातच होते. त्यांनी खुर्ची उचलली आणि आत नेऊन ठेवली.

आता अल्टरनेटर उत्तम चालतो. दिवे असे लागतात की समोरचा माणूस डोळ्यांवर हात घेतो. पहिल्या सकाळी मी अप्पांना मुद्दाम हाक मारली नाही. म्हटलं, झोपू देत, आयुष्यभर उठले. बटण दाबलं, ट्रॅक्टर लागला, निघून गेलो. संध्याकाळी ट्रॅक्टर सपाटीवर शेडमध्ये लावला, चढावर न्यायचं कारणच उरलं नव्हतं. घरात आलो तर ही म्हणाली, अप्पा पाचला उठून बूट घालून ओट्यावर बसले होते. इंजिनाचा आवाज ऐकला, थोडा वेळ बसले, आणि बूट काढून परत जाऊन पडले. त्या दिवसापासून ते उठलेले नाहीत. मी खोलीत जाऊन म्हटलं, "अप्पा, बरं नाही वाटत का?" तर म्हणाले, "बरं आहे. उठून करायचं काय?" ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं, ताई. मी त्यांचं ओझं उतरवायला गेलो आणि त्यांचं कामच काढून घेतलं. माझ्या हे लक्षात यायला अकरा दिवस लागले. (हिच्या पहिल्याच दिवशी आलं होतं. तिने मला बोलून दाखवलं नाही, नुसत्या भांड्यांचा आवाज वाढवला.)

असो. एकंदरीत अल्टरनेटर बसवणं ही फार फायद्याची गोष्ट आहे आणि ज्याच्याकडे जुना ट्रॅक्टर असेल त्याने ती जरूर करावी, असं माझं मत झालं आहे. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. तू अप्पांना एक पत्र लिही. तुझ्या ओळखीत कुणीतरी असाच अल्टरनेटर बसवला आणि महिन्याभरात बटणाने दगा दिला, असं लिही. बटणावर विसंबू नका, उतार सोडू नका, असंही लिही. तुझं ते ऐकतात. हे खोटं आहे हे मला माहीत आहे. पाप माझ्या नावावर टाक.

ता. क. दुसरा : तुझ्या पत्राची वाट बघवेना, म्हणून काल संध्याकाळी मीच स्टार्टरची वायर मागून काढून ठेवली आणि ट्रॅक्टर चढावर लावला. सकाळी अप्पांच्या दाराशी जाऊन म्हटलं, बटण बिघडलं, काय करू कळत नाही. भिंतीकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं, "प्रोफेसर काय म्हणतो?" म्हटलं, त्याला काही सुचत नाही. उठले. बूट घातले. हौदाच्या कोपऱ्याशी इंजिन लागलं. नऊ वाजता चहा मागून घेतला आणि साखर कमी आहे म्हणून हिला बोलले. ही चक्क हसली. तरीपण तुझं पत्र हवंच, कारण प्रोफेसर कधीही येऊन बघतील आणि तीन वेळा समजावून सांगतील.

ता. क. तिसरा : तिकीट आणायचं राहिलं म्हणून पाकीट चार दिवस इथेच पडून होतं, ते बरंच झालं. अप्पांना तू काही लिहू नकोस. आज सकाळी हिच्याऐवजी मीच ठोकळा काढायला वाकलो तर स्टार्टरची वायर जोडलेली दिसली. टोक काचकागदाने घासून लख्ख केलेलं, स्क्रू असा पिळलेला की आपल्या घरात एकच माणूस तसा पिळतो. प्रोफेसर आलेले नाहीत, मी हिला विचारलं. अप्पा सीटवर बसले होते, बटण त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. मी तिथेच उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, समोर फाटकाकडे बघत म्हणाले, "उभा काय राहिलास? ढकल."

मी ढकललं.