तुमच्या फोनमध्ये माझं सिम

बाबा, तुमचा तो बटणांचा फोन मी सुरू केला. अकरा वर्षं माझ्या कपाटात, तुमच्या चष्म्याच्या डबीशेजारी, रुमालात गुंडाळून पडला होता. तुमची आठवण आली म्हणून काढला असं नाही. दादा माझ्याशी खोटं बोलतोय की तुम्ही माझ्याशी खोटं वागलात, एवढंच मला बघायचं होतं.

मागच्या रविवारी दादा आला होता, लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. आई गेल्यापासून आम्ही दोघं धड बोललेलो नाही. कुणाच्या कार्यात भेटलो तर जयभीम करायचा आणि दोन टोकांना बसायचं. पण लग्नाचं आमंत्रण म्हटल्यावर दारातून कसं परतवणार? स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "आज बाबा असते तर लई खूश झाले असते." मला राहवलं नाही. म्हटलं, "चार वर्षं तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत ते." तो म्हणाला, "बोलत न्हवतेच की. पर रोज रिंग द्यायचे. सांजच्याला आठ वाजता एक रिंग वाजायची अन् बंद. मग मी एक रिंग परत द्यायचो. शेवटापतुर." मी चहाचं पातेलं घासायला घेतलं, कारण माझं तोंड त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

तुम्हाला ते दुपारचं ताट आठवतं का? आईच्या पुण्यानुमोदनाचं. आई गेल्यावर दादा पुण्याहून तिसऱ्या दिवशी पोचला होता. कंपनीनं सोडलं नाही म्हणाला, तुम्हाला ते पटलं नाही. भन्तेजी जेवून गेले, पाहुणे पांगले आणि तुम्ही ताटावरून उठलात. सगळ्यांदेखत म्हणालात, "ह्याच्याशी एक शबूद बोलणार न्हाय मी." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "अन् तू बी बोलायचं न्हाय." तुम्ही कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात उभा जन्म काढलेला माणूस. दुसऱ्यानं आवळलेला नट स्वतः पान्हा लावून बघितल्याशिवाय तुम्ही पुढे सोडत नव्हता. माणसांच्या बाबतीतही तेच. मी तुमचीच मुलगी. मी बोलले नाही. दादाची लेक दवाखान्यात होती तेव्हा वहिनीनं निरोप धाडला, मी उत्तर दिलं नाही. जीव तुटत होता, तरी नाही दिलं. आणि आता हा सांगतो की तुम्ही रोज आठ वाजता त्याला रिंग देत होता!

माझा विश्वास बसला नाही. असली गोष्ट रचायची तर अशीच रचावी. मिस्ड कॉलला ना पुरावा ना साक्षीदार. शिवाय रिंगची रीत आपल्या दोघांची होती. मी मंद्रूपला नोकरीला जायचे तेव्हा एक रिंग म्हणजे पोचले, दोन म्हणजे एसटी चुकली, उशीर होईल. तो फोनही मीच तुम्हाला घेऊन दिला होता. तुम्ही तीच रीत दादालाही दिली असेल, या विचारानं मला राग आला आणि खरं सांगते, हेवाही वाटला.

पुरावा असलाच तर तुमच्या फोनमधल्या कॉलच्या यादीत असणार, म्हणून तो काढला, पण बॅटरी फुगून पावासारखी झाली होती. शुक्रवार पेठेत एक जण अजून जुने फोन दुरुस्त करतो, त्याच्याकडे नेला. त्याच्याकडे तसली बॅटरी निघाली. आत तुमचं जुनं सिम होतं, ते मी तिथल्या तिथं काढून पर्समध्ये टाकलं. अकरा वर्षांपूर्वी बंद पडलेलं सिम, काय कामाचं? म्हटलं, माझं सिम बसेल का यात? तो हसला. म्हणाला, "ताई, तुमचं नखाएवढं. ह्याला अंगठ्याएवढं लागतंय." त्यानं प्लास्टिकची एक चौकट काढली. छोटं सिम तिच्यात बसवायचं आणि मग ती चौकट फोनमध्ये सरकवायची. "द्या हिकडं, मी बसवतो." मी सिम दिलं नाही. बँकेचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात. आजकाल सिम दोन मिनिटं दुसऱ्याच्या हातात गेलं की काय काय होतं ते आम्ही ऑफिसात रोज ऐकतो. तो म्हणाला, "ताई, थांबा की जरा, एक सांगायचं ऱ्हायलं, ते पयलं सिम..." मला वाटलं, काहीतरी गळ्यात मारायला बघतोय. चौकट आणि फोन उचलला आणि चालायला लागले.

घरी दार लावून, चष्मा चढवून सिम त्या चौकटीत बसवलं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा बसलं. फोननं आधी तारीख विचारली, मग वेळ विचारली. नेटवर्कच्या दोन काड्या आल्या. मी कॉलची यादी उघडली. केलेले कॉल, एकही नाही. आलेले कॉल, एकही नाही. चुकलेले कॉल, तेही नाहीत. तुमच्यासारख्या माणसाच्या फोनमध्ये एकही कॉल नाही, हे कसं शक्य आहे? कुणीतरी पुसलंय. मी तडक परत पेठेत गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हटलं, "बॅटरी घालताना तुम्हीच काहीतरी केलंत."

तो चिडला नाही. "नक्को, असं नक्को बोलू ताई. तेच तर सांगत होतो. ह्या फोनात दुसरं सिम घातलं की हा जुनी यादी आपोआप पुसतो. त्याला वाटतं, मालक बदलला, चोराच्या हातात गेलो. जुनं सिम आत ठेवलं असतं, बंद असंना का, तरी यादी दिसली असती." पर्समधलं तुमचं सिम काढून मी त्याच्यापुढे धरलं. त्यानं मान हलवली. एकदा गेलं ते गेलं. परत येताना रस्त्यात मला रडू आलं. बाईमाणूस भर पेठेत रडतं म्हणून लोक बघत होते. बघू देत, म्हटलं.

घरी येऊन तुमच्याच फोनवरून दादाला लावला. लाज वाटते सांगायला, पण मी त्याला म्हटलं, "बाबांच्या फोनमध्ये तुझा एकही कॉल नाही." यादी पुसली गेली हे सांगितलं नाही. मला वाटलं, आता तरी हा अडखळेल, आता तरी कबूल करेल. तो म्हणाला, "नसंल. तू म्हणतीस तर नसंल. पर एकदा उचललेला की त्यांनी."

तोच बोलत राहिला. "मी नेहमीसारखी रिंग दिली, अन् कट करायच्या आत उचलला. मी म्हणलो, बाबा, मी येऊ का घरी? कायबी बोलले न्हाईत. पर लगीच ठेवला बी न्हाय. श्वास ऐकू येत होता मला. मग ठेवला. मी समजलो, नगं म्हणत्यात. म्हणून आलो न्हाय बघ. न्हायतर त्याच दिशी गाडीत बसलो असतो." मग म्हणाला, "पर ऐकून तर घेतलं की गं त्यांनी. तेवढं बास झालं मला." त्यानंतर दोन महिन्यांत तुम्ही गेलात.

बाबा, तुम्ही न्हाणीत होता. बादलीचा आवाज येत होता. मी कणीक मळत होते, फोन ओट्यावर वाजला. नाव आलं नाही, नुसता नंबर होता. पिठाच्या हातानं मीच उचलला. "बाबा" एवढं म्हणाला आणि मी आवाज ओळखला. येऊ का म्हणाला तेव्हा माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, तर घर. घराच्या वाटणीसाठी येतोय. तुमची औषधं, तुमचं दुखणंखुपणं मी बघायचं आणि हा आयत्या वेळी येणार. ऐकून घेतलं, ठेवला आणि यादीतून तो नंबर काढून टाकला. तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आलात, विचारलंत, "कुणाचा गं फोन?" मी म्हटलं, "रॉंग नंबर." तुम्ही फोन हातात घेतलात, बटणं दाबून बघितलीत. मग माझ्याकडे बघितलंत, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. आणि जेवायला बसलात.

तो फोन त्यानं तेवढाच एकदा केला होता, मतलबानं केला होता, असं मी इतकी वर्षं धरून चालले. म्हणून दादा खोटारडा ठरायला हवा होता मला. रोजच्या रिंगा खऱ्या असतील तर तो घर मागायला नव्हे, तुम्हाला भेटायला येत होता. आणि त्याला नको म्हणणारे तुम्ही नव्हतात.

लग्न येत्या रविवारी आहे. मी जाणार आहे, आहेराची साडीही घेतली. तिथं तो कुणाला ना कुणाला सांगेलच की बाबांनी एकदा माझं ऐकून घेतलं होतं, आणि मी शेजारी उभी असेन.

हे पत्र खरं तर दादाला लिहायला घेतलं होतं. पहिल्या ओळीत 'दादा' लिहून झालं होतं. मग कागद उलटा केला आणि 'बाबा' लिहिलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही.