तबकात अडकलेली सीडी

५ ऑक्टोबर २००३, रवि. दसरा
सीडी चालत नाही. म्हणजे फिरते, पण चालत नाही. आधी घुर्र, मग जात्यात खडा आल्यासारखी खर्रर्र, मग एक उसासा. पडद्यावर पाटी: ड्राइव्हमध्ये डिस्क घाला. डिस्क आतच आहे. आपल्याच पोटात काय आहे ते न कळणं हा वेदान्ताचा विषय, संगणकाने त्यात पडू नये.

सीडी ऋचाची. काल दुपारी बंगलोरहून कुरिअरने आली. वर लाल पेनाने: ‘आई-बाबा, दोघांनी एकदम पाहा. मग फोन.’ तीन वर्षं नोकरीला आहे तिथे, दर रविवारी फोन करते. फोनवर सांगता येत नाही असं काय आहे? आणि ‘एकदम’ म्हणजे एकत्र, की ताबडतोब? टीकाकारांत मतभेद.

ताबडतोब पाहिलीच असती, पण खंडेनवमीची पूजा चालली होती. स्कूटर, शिवणयंत्र, विळी, पकड, आणि हा पाच वर्षांचा म्हातारा संगणक. सगळी आयुधं ओळीने. सुनंदा म्हणाली, “तबक उघडंच आहे, त्यात ठेवा ना. तिचीही पूजा होऊ दे.” संगणकाच्या सरकत्या ट्रेला आमची सौ. तबक म्हणते. ठेवली. मंत्र, अक्षता, फूल. तबक बंद. आणि मग तीच म्हणाली, पूजलेल्या आयुधाला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. एरवी नियम मी सांगायचे आणि तिने हसायचं. नोंद करून ठेवतो.

सकाळी नऊला ऋचाचा नेहमीचा फोन. “पाहिलीत?”
“पाहतो आहोत.” चालू वर्तमानकाळ. खोटं नाही.
“बाबा, एकट्याने नाही ना?”
मग आईला द्या म्हणाली. आई बाल्कनीत वायर ताणून बोलली.

६ ऑक्टो., सोम.
कचेरीतून आल्यावर संशोधन. बंद केला, चालू केला. मागच्या वायरी काढून घातल्या. डोक्यावर थाप मारली (हा उपाय रेडिओच्या काळापासून शास्त्रसंमत). खर्रर्र. बटण दाबलं तर तबक बाहेर येत नाही. म्हणजे आता सीडी दिसतही नाही आणि मिळतही नाही.

ट्रेखाली एक बारीक भोक असतं, त्यात तार घालायची, असं पुस्तिकेत आहे. सु.ने केसांची पिन लगेच काढून दिली. फार लगेच. पिन जाड निघाली. तिला आधीच माहीत असावं.

७ ऑक्टो., मंगळ.
आज रात्रीच्या जेवणाला इडली. आठवड्यात दुसऱ्यांदा. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान लहानपणी पाठशाळेत घोकलं. जिथे इडली तिथे काय?

“कुणाकडून शिकलीस ही चटणी?”
“ऋचाने सांगितली.”
“कधी?”
“दुपारी फोन आला होता.”
“मंगळवारी?”
“हो. चटणी काय रविवारीच सांगायची असते?”

मंगळवारी दुपारी मी कचेरीत असतो. हे दोघींना ठाऊक आहे.

पुण्याच्या मासिकाला ‘बडोद्याचं पत्र’ पाठवायचं राहिलंय. हाताने लिहायला बसलो. दोन ओळी झाल्या, दोन्ही गरब्याच्या कर्ण्यावर, दोन्ही गेल्या वर्षीच्याच.

८ ऑक्टो., बुध.
फतेगंजहून हितेशभाई आले. माझ्याच वयाचे, तरी मला काका म्हणतात, पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. कान लावून ऐकलं, वैद्य नाडी पाहतो तसं. “काका, ड्राइव बेसी गई छे. दुकाने लई जाऊं?”

दुकानात न्यायला नाही म्हटलं. सीडी आत आहे. आमच्या आधी फतेगंजने पाहायला नको.

“हुं कोईनी सीडी जोतो नथी, काका.”

कुणाची सीडी पाहत नाही, असं न विचारता सांगणारा माणूस. पण दुसरा ओळखीचा नाही. शनिवारी हत्यारं घेऊन घरीच या, सांगितलं. जाता जाता सु.शी दारात काहीतरी कुजबुजले. विचारलं, तर म्हणे, “पाणी मागितलं.” पाणी कुजबुजून मागतात?

९ ऑक्टो., गुरु. कोजागिरी
दूध आटवता आटवता सु. म्हणाली, “त्यात काय असेल वाटतं तुम्हाला?”
“तुला काय माहीत आहे?”
“मला एवढंच माहीत आहे की तुम्ही पाच दिवस त्या खोक्याची उलटतपासणी घेताय, आणि त्याआधी माझी.”
“ती मला का सांगत नाही?”

गॅस बारीक केला तिने. म्हणाली, “अविच्या लग्नात तुम्ही काय बोललात, आठवतंय?”

आठवतंय. अवि माझा पुतण्या, मुलगी केरळची, तिथली लिपी सगळी वाटोळी. जेवणाच्या पंगतीत मी म्हणालो, आता या घराण्यात बाराखडी गोल होणार. पंगत हसली. वधूचे वडील अर्थ विचारत होते, कुणीतरी सांगितला. तेही हसले, थोडं उशिरा. ऋचा माझ्या समोरच्या पानावर होती. श्रीखंड तसंच टाकून उठली.

“कोटी होती ती,” मी म्हटलं.
“हो ना. तुमची कोटी झाली. तिला दीड वर्ष लागलं सीडी करायला.”

म्हणजे सु.ला माहीत आहे. की अंदाज आहे? विचारलं. म्हणाली, “तिने मला एकच विचारलं, बाबा कसे घेतील. मी म्हटलं, मला सांगता येत नाही.”

अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि सांगता येत नाही. दूध चांगलं झालं होतं. एकच पेला घेतला.

१० ऑक्टो., शुक्र.
काही नाही. फोनवर सांगितलं असतं तर पहिल्या वाक्यालाच मी काहीतरी बोललो असतो, हे पोरीने बरोबर ओळखलं. सीडीला मधे बोलता येत नाही. चित्र आधी पूर्ण पाहावं लागतं.

त्या मुलाचं नाव तरी काय असेल? सुब्रह्मण्य असेल तर जोडाक्षर आलं. (हे इथेच थांबवतो.)

११ ऑक्टो., शनि.
हितेशभाईंनी चार स्क्रू काढले, ड्राइव्हचं झाकण उचललं. बराच वेळ आत पाहत राहिले. मग चिमट्याने काहीतरी काढून तळहातावर ठेवलं.

“काका, आ शुं? चोखा?”

तांदूळ. कुंकू लागलेला, अर्धा तुटलेला. दुसरा अर्धा चाकाच्या दात्यांत पीठ होऊन बसला होता. आठवडाभर जे दळण ऐकलं ते हेच.

मी सु.कडे पाहिलं. सु. माझ्याकडे. म्हणाली, “मंत्र म्हणताना डोळे मिटायची सवय कुणाची?”

तबक उघडं ठेवायला लावलं कुणी, हे मी विचारणार होतो. विचारलं नाही. अक्षत म्हणजे न मोडलेलं, हे ऋचाला लहानपणी व्याकरण शिकवताना किती वेळा सांगितलं. मोडलेला दाणा पूजेला घ्यायचा नाही. हा पूजेनंतर मोडला. याला शास्त्रार्थ काय?

सु.ला हसू आवरेना. “आता पाहायचं काय राहिलं? अक्षता तर पडल्या. तुमच्याच हातून, मंत्रासकट.”

हितेशभाईंना अर्थ सांगावा लागला नाही. बडोद्यात जन्म गेलाय, मराठी लग्नं जेवलेत. “तो अभिनंदन, काका!” कशाबद्दल, हे मलाच ठाऊक नाही.

ड्राइव्ह साफ झाली, आवाज गेला. सीडी पुसून त्यांनी आत घातली. “चालू करी जोऊं?”
“ना.” फार जोरात म्हणालो बहुतेक. सीडी बाहेर काढून ठेवून ते गेले. सु. चहाचे कप घेऊन आत गेली, म्हणाली, “कधी ते तुम्ही सांगा.” उद्या सकाळी, म्हटलं. एक रात्र मागून घेतली.

१२ ऑक्टो., रवि. स. ८.४०
फोन नऊला येतो. दोन खुर्च्या मांडल्या. कोटी करायची नाही, असं सु.ने सांगितलं नाही. मीच सांगितलं, मला. सीडी तबकात. आवाज नीट. पडद्यावर एकच फाइल, नाव: ‘बाबा’. आई नाही, बाबा.

फोन. वीस मिनिटं आधी. मीच उचलला.
“पाहिलीत?”
“नाही अजून. पण अक्षता पडल्या.”
पलीकडून: “कसल्या अक्षता, बाबा?”

खरंच विचारते आहे, की मी कोटी करतो आहे असं वाटून? आवाजावरून कळेना. माझं अनुमान पहिल्यापासून चुकलं असेल का? इडली म्हणजे नुसती इडली?

“कसल्याही,” म्हणालो. “त्या परत घेता येत नाहीत.”

सु.ने फोन काढून घेतला. ती पलीकडचं ऐकते आहे, आणि मोकळ्या हाताने मला खूण करते आहे, दाबा, दाबा. उजव्या हातात पेन आहे. डाव्याने दाबतो.